वादळाची चाहूल घेणारे धर्मगुरू : फादर बेनितो विन्येस

मोरा बंदराच्या धक्क्यावर सकाळी येणाऱ्या माणसाची नजर आधी समुद्राकडे जाते आणि मग बंदरावरील बावट्याकडे. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच सुटणार की नाही, होड्या समुद्रात जाणार की कोळीवाड्याच्या कडेला नांगरून राहणार, हे वाऱ्यापावसाच्या दिवसांत त्या बावट्यावरच ठरते. एक नंबरचा बावटा लागला, की दूर समुद्रात कोठेतरी हवा बिघडली आहे असे समजावे. तीन नंबरचा लागला, की खुद्द बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे आणि मुंबईची लाँच आज बंद राहणार, हे उरणच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

आज वादळाची बातमी आपल्या हातातल्या मोबाईलवर येते. सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्राच्या तळाशी बुडी मारण्याचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा, बेत आखणारी आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळीही निघण्याच्या आठवडाभर आधीपासून नकाशावरची ती वळणदार रेघ पाहत बसतात. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे, तो वायव्येकडे सरकेल की किनाऱ्याकडे वळेल, याची चर्चा घराघरांतून चालते. उपग्रह वरून पाहत असतात आणि पुण्यामुंबईच्या वेधशाळा तासातासाला खबर देत असतात.

परंतु उपग्रह नव्हते, विमाने नव्हती, बिनतारी संदेशही नव्हता, त्या काळी क्षितिजापलीकडचे वादळ कोणी कसे ओळखले? ते आपल्याकडे येत आहे, हे दोन दिवस आधी छातीठोकपणे लोकांना कोणी सांगितले? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, की आपण एका येशूसंघीय धर्मगुरूपाशी येऊन पोहोचतो. क्युबा देशातील हवाना शहरी तेवीस वर्षे आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या फादर बेनितो विन्येस यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कातालोनियातील बालक, देशाबाहेर गेलेला धर्मबंधू

बेनितो विन्येस यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, तारागोना जिल्ह्यातील पोबोलेदा या लहानशा डोंगराळ गावी झाला. द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेले हे गाव. चक्रीवादळाचा आणि त्या गावाचा काडीचाही संबंध नाही. १८५६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते येशूसंघात दाखल झाले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या जोडीला भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांकडे त्यांचा ओढा होता. येशूसंघात अशा आवडीला मोठीच परंपरा होती. रोममधील फादर आंजेलो सेक्की यांनी सूर्य आणि तारे यांच्या अभ्यासात त्याच काळी जगभर नाव कमावले होते.

१८६८ साली स्पेनमध्ये राज्यक्रांती झाली आणि येशूसंघाला देशातून हद्दपार करण्यात आले. तरुण विन्येस यांनाही मायभूमी सोडून फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. ज्याला आपण संकट म्हणतो, त्यातूनच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १८७० साली त्यांना अटलांटिक महासागर ओलांडून हवाना येथे पाठविण्यात आले. येशूसंघाच्या बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. स्पॅनिश भाषेत बेलेन म्हणजे बेथलेहेम. ज्या गावावर एका ताऱ्याने ज्ञानी लोकांना वाट दाखविली, त्याच गावाचे नाव या वेधशाळेला लाभले होते.

क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. १८६८ पासून बेटाच्या पूर्व भागात स्वातंत्र्याचे युद्ध पेटले होते आणि ते दहा वर्षे चालले. अशा अशांत वातावरणात तेहतिशीही न गाठलेल्या या धर्मगुरूने वायुभारमापक, तापमापक आणि वातकुक्कुट यांच्या सोबतीने आपले काम सुरू केले.

पहिल्याच वर्षीचा धडा

फादर विन्येस हवानात येऊन काही महिनेच झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात क्युबाला लागोपाठ दोन वादळांनी तडाखा दिला. त्यांतील पहिले वादळ मातान्सास या शहरावर आदळले. समुद्राचे आणि नद्यांचे पाणी एकदमच शहरात शिरले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. वाऱ्याची पहिली झोड उठेपर्यंत लोकांना कशाचीही कल्पना नव्हती.

त्या काळी वादळांविषयी ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. किंबहुना या ज्ञानाचा एक पाया आपल्याच देशात घातला गेला होता. कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करून, हे वारे सरळ न वाहता एका केंद्राभोवती फिरतात, हे खलाशांना समजावून सांगितले आणि १८४८ साली अशा वादळाला सायक्लोन हे नाव दिले. सापाच्या वेटोळ्यावरून सुचलेला हा ग्रीक शब्द आता जगाच्या तोंडी झाला आहे. आपले चक्रीवादळही तेच सांगते. परंतु हे बहुतेक ज्ञान वादळ होऊन गेल्यानंतरचे होते. जहाजांच्या नोंदवह्या जमवायच्या, वाऱ्याच्या दिशा नकाशावर मांडायच्या आणि वादळ कोणत्या वाटेने गेले ते ठरवायचे. गेलेल्याची वाट कळत होती, येणाऱ्याची नव्हती.

फादर विन्येस यांनी येणाऱ्याची वाट शोधण्याचे ठरविले. बेलेनच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळून काढल्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसातून अनेक वेळा ते स्वतः हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि ढगांची चाल टिपू लागले. स्वच्छ निरभ्र दिवशीही हा नेम चुकला नाही. येथेच त्यांचे वेगळेपण दिसते. वादळ आले म्हणजे आकाशाकडे सगळेच पाहतात. काहीही घडत नसताना जो रोज पाहतो, त्यालाच किंचितसा बदल झालेला कळतो.

ढगांची भाषा

त्यांनी काय ओळखले, ते थोडक्यात समजून घेऊ, कारण त्यातील बरेचसे आपल्या मोरा-करंजाच्या जुन्या तांडेलांनाही अनुभवाने ठाऊक असते.

चक्रीवादळात खालचा वारा केंद्राकडे ओढला जात गरगर फिरतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस, म्हणजे क्युबात आणि आपल्याकडेही, तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर वादळाचे केंद्र साधारणपणे आपल्या डाव्या हाताला असते. एवढी गोष्ट त्या वेळच्या शिकलेल्या कप्तानांना माहीत होती. परंतु वादळ शेकडो मैल दूर असताना त्याचा वारा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ते कळावे कसे?

फादर विन्येस यांनी वर पाहिले. खाली आत ओढली जाणारी हवा केंद्राजवळ उंच चढते आणि आकाशात फार वर गेल्यावर बाहेरच्या बाजूस फेकली जाते. या वरच्या हवेबरोबर पिसासारखे पांढरेशुभ्र तंतुमेघ दूरदूरवर पसरतात. वादळ शेकडो मैलांवर असतानाच हे ढग आपल्या आकाशात येऊन पोहोचतात. हवा छान असते, ऊन पडलेले असते, समुद्रही फारसा खवळलेला नसतो, आणि तरीही त्या पिसांचे पट्टे क्षितिजावरील एकाच बिंदूतून पंख्याप्रमाणे उमललेले दिसतात. तो बिंदू ज्या दिशेला, त्या दिशेला वादळ.

यापुढचे काम चिकाटीचे होते. तो बिंदू एकाच जागी राहिला आणि वायुभारमापकातील पारा उतरत गेला, तर वादळ सरळ आपल्याकडे येत आहे. बिंदू क्षितिजावरून हळूहळू डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागला, तर वादळ बाजूने निघून जाईल. उंचावरचे, मधले आणि खालचे ढग वेगवेगळ्या दिशांनी चालतात आणि त्यांच्या चालींतील फरकावरूनही केंद्र कोठे असावे याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवून दिले. सूर्याभोवती पडणारे खळे, सकाळ-संध्याकाळी विटेसारखे लालसर होणारे आकाश आणि वारा नसतानाही किनाऱ्यावर येऊ लागणाऱ्या लांब, संथ, जड लाटा या खुणांची त्यांनी या नोंदींशी सांगड घातली.

ऋतूप्रमाणे वादळांच्या वाटा कशा बदलतात, हेही त्यांनी मांडले. कॅरिबियन समुद्रातील वादळे आधी पश्चिमेकडे चालतात आणि मग उत्तरेकडे वळण घेतात. ऑगस्टच्या सुमारास हे वळण बरेच उत्तरेस पडते. हंगामाच्या सुरुवातीस जूनमध्ये आणि अखेरीस ऑक्टोबरमध्ये ते पुष्कळच दक्षिणेस पडते. म्हणूनच ऑक्टोबरची वादळे क्युबाला अधिक भोवतात. आपल्या अरबी समुद्रालाही असेच आपले वेळापत्रक आहे. मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि मान्सून ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या समुद्रात चक्रीवादळे उठतात.

११ सप्टेंबर १८७५

पाच वर्षांच्या अभ्यासानंतर कसोटीचा दिवस आला. १८७५ च्या सप्टेंबर महिन्यात आकाशातील खुणा पाहून फादर विन्येस यांची खात्री पटली, की एक प्रचंड वादळ पूर्वेकडून क्युबाच्या दिशेने येत आहे. आता प्रश्न होता तो जाहीर करण्याचा.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. पूर्वसूचना देऊन वादळ आलेच नाही, तर शास्त्राचे हसे होणार, वेधशाळेची पत जाणार आणि धर्मगुरूच्या शब्दावर लोकांचा विश्वास राहणार नाही. बंदरातील जहाजे थांबवून ठेवली, तर व्यापाऱ्यांचे नुकसान होणार. गप्प राहिले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता, कारण अशी सूचना देण्याची तोपर्यंत कोणाचीच अपेक्षा नव्हती. फादर विन्येस गप्प राहिले नाहीत. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी आपला इशारा तयार केला आणि हवानाच्या वृत्तपत्रांतून तो लोकांपर्यंत पोहोचला. दोन दिवसांत वादळाने क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याला झोडपले. लोक सावध होते. अनेकांचे प्राण वाचले. येऊ घातलेल्या हरिकेनविषयी प्रसिद्ध झालेला जगातील पहिला इशारा म्हणून हवामानशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

तेच वादळ पुढे मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि १६ सप्टेंबरला अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या इंडियानोला या भरभराटीच्या बंदरावर आदळले. तेथे इशारा पोहोचला नव्हता. शेकडो माणसे बुडाली आणि शहर उद्ध्वस्त झाले. अकरा वर्षांनी दुसऱ्या एका वादळाने उरलेसुरले बंदरही संपविले आणि लोकांनी ते गाव कायमचे सोडले. एकच वादळ, दोन किनारे. एका किनाऱ्यावर कोणीतरी आकाश पाहत होते आणि जे दिसले ते सांगत होते.

पुढच्या वर्षी, १८७६ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत, पुन्हा मोठी वादळे आली. ऑक्टोबरातील वादळाने तर हवानालाच गाठले. या वेळीही फादर विन्येस यांनी आधी सूचना दिली होती. वादळे शमल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पोर्तो रिकोसारख्या बेटांपर्यंत प्रवास करून त्यांनी पडझड प्रत्यक्ष पाहिली आणि लोकांकडून वेळा व वाऱ्याच्या दिशा विचारून घेतल्या. १८७५ आणि १८७६ च्या वादळांवरील त्यांचा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. जहाजांवरील कप्तानांनाही तो उपयोगी पडला.

एकट्याचे डोळे पुरत नाहीत

एका वेधशाळेच्या गच्चीवरून कितीही पाहिले, तरी सगळा समुद्र दिसत नाही. हे ओळखून फादर विन्येस यांनी बेटाबेटांवर निरीक्षक मिळविण्यास सुरुवात केली. पूर्वेकडील बेटांवरून तारेने खबर आली, तर वादळ क्युबाला पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याचा माग लागणार होता. तारा पाठविण्यास पैसा लागत असे आणि धर्मगुरूकडे तो नव्हता. परंतु १८७५ आणि १८७६ चा अनुभव ताजा होता. हवानाचे व्यापारी, जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि तारखाते पुढे आले आणि निरीक्षणाचे जाळे उभे राहिले. हवानाच्या लोकांच्या तोंडी त्यांचे नाव फादर हरिकेन असे झाले, यात नवल नाही.

१८८८ च्या सुमारास त्यांनी सायक्लोनोस्कोप नावाचे एक साधे साधन तयार केले. फिरत्या तबकडीच्या साहाय्याने वारा आणि ढग यांच्या दिशा जुळवून वादळाचे केंद्र कोणीकडे आहे ते त्यावर पाहता येई. आपले ज्ञान विद्वानांच्या ग्रंथांत न राहता जहाजाच्या सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती पडावे, ही तळमळ त्या तबकडीतून दिसते.

याच काळात येशूसंघाचे इतर धर्मगुरूही हेच कार्य करीत होते, हे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्या देशात, कलकत्त्याच्या सेंट झेवियर महाविद्यालयात, बेल्जियमहून आलेले फादर युजीन लाफाँ यांनी गच्चीवर लहानशी वेधशाळा मांडली होती. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या चक्रीवादळाची चाहूल त्यांना त्या उपकरणांवरून लागली आणि त्यांनी अधिकाऱ्यांना सावध केले. तीनच वर्षांपूर्वी, १८६४ साली, कलकत्त्याच्या वादळात हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती, त्यामुळे त्या इशाऱ्याचे मोल मोठे होते. फिलिपाइन्समध्ये मनिला वेधशाळेचे फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ च्या जुलै महिन्यात टायफूनची पहिली पूर्वसूचना दिली. हवाना, कलकत्ता, मनिला या तीन समुद्रांवर तीन धर्मगुरू एकाच कामी जागत होते.

भारतात सरकारनेही पावले उचलली होती. १८६४ च्या संहारानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या सूचना देण्याची व्यवस्था झाली. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली, म्हणजे फादर विन्येस यांनी पहिला इशारा दिला त्याच वर्षी. १८८६ पर्यंत ही सूचना देशातील सर्व बंदरांना मिळू लागली. मोरा बंदरावर आज जो बावटा चढतो, त्याचे मूळ त्या दिवसांत आहे.

शेवटचे काम

फादर विन्येस यांची प्रकृती खालावत चालली होती. १८९३ साली अमेरिकेतील शिकागो येथे भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हवामानशास्त्रज्ञांची परिषद व्हायची होती. तिच्यासाठी वादळांतील वाऱ्यांचे फिरणे आणि वादळांची वाटचाल या विषयावर त्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याच्या अभ्यासाचे सार लिहावयास घेतले. हे लेखन त्यांनी मृत्यूच्या अगदी तोंडावर पुरे केले आणि २३ जुलै १८९३ रोजी हवाना येथेच ते प्रभुचरणी विलीन झाले. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. क्युबातील वादळांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याने त्यांचे हे लेखन इंग्रजीतूनही प्रसिद्ध केले. बेलेनची धुरा फादर लोरेन्सो गांगोइती यांनी उचलली.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

फादर विन्येस यांच्या चरित्राचा शेवट त्यांच्या मृत्यूपाशी करता येत नाही. त्यांच्या कार्याचे खरे मोल त्यांच्या पश्चात सात वर्षांनी, एका भयंकर घटनेने जगाला कळले.

१८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आला. अमेरिकेच्या हवामान खात्याने हवानात आपले कार्यालय थाटले. बेलेनचे धर्मगुरू आणि क्युबाचे निरीक्षक उगाच लोकांना घाबरवितात, असा त्या कार्यालयाचा ग्रह झाला होता. १९०० साली, ऐन वादळांच्या हंगामात, क्युबाच्या वेधशाळांचे हवामानविषयक संदेश सरकारी तारांवरून पाठविण्यास मनाई करण्यात आली.

त्याच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक वादळ क्युबावरून गेले. फादर विन्येस यांच्या पद्धतीने आकाश पाहून बेलेनच्या वेधशाळेने ओळखले, की हे वादळ बळ धरीत आहे आणि पश्चिमेस टेक्सासकडे चालले आहे. अमेरिकेच्या खात्याचे मत वेगळे होते. ते वादळ नेहमीप्रमाणे उत्तरेस वळून फ्लोरिडावरून अटलांटिकमध्ये निघून जाईल, असे ते धरून चालले होते. ८ सप्टेंबर १९०० रोजी वादळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर आदळले. समुद्र शहरावरून वाहून गेला. मृतांची नेमकी मोजदाद कधीच झाली नाही. सुमारे आठ हजार माणसे गेली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी कधी घेतलेले नाहीत.

वादळ कोणालाच थोपविता आले नसते, हे खरे. परंतु ज्ञान उपलब्ध होते आणि ते पोहोचू दिले गेले नाही, ही गोष्ट मनाला लागून राहते. सावध करणारा परका आहे, लहान आहे, आपल्या कचेरीचा नाही, एवढ्यावरून त्याचे म्हणणे बाजूला सारले गेले. अशी चूक केवळ अमेरिकेतच होते, असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या किनाऱ्याकडे पाहू. ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेल्या फयान वादळाने कोकणातील कितीतरी मच्छीमार कुटुंबांचे कर्ते पुरुष नेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. त्याची सूचना आधी मिळाली होती, होड्या किनाऱ्याला होत्या आणि हजारो लोकांना वेळेवर सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. घरांचे, नारळी-पोफळीच्या बागांचे अतोनात नुकसान झाले, परंतु पूर्वीसारखी मनुष्यहानी झाली नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले. त्याचीही सूचना काही दिवस आधी दिलेली होती. तरीही २६१ माणसे असलेला पी-३०५ हा बार्ज भर समुद्रात होता. तो १७ मे रोजी बुडाला आणि अनेक घरांचे दिवे विझले.

फादर विन्येस यांच्या जीवनातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली सांगणाऱ्यासाठी. जे पाहिले ते वेळेवर आणि सर्वांना सांगावे, मग त्यात आपली पत पणाला लागली तरी हरकत नाही. गालीलच्या समुद्रावरील वादळाची कथा आपण दरवर्षी मिस्सेत ऐकतो. त्या होडीतील शिष्य मच्छीमारच होते आणि समुद्राला किती भ्यावे हे त्यांना नीट कळत होते. प्रभूवर विश्वास ठेवणे म्हणजे आकाशाकडे डोळेझाक करणे नव्हे. ज्या धर्मगुरूने पहाटे पारा पाहिला आणि मग वेदीपाशी उभे राहून मिस्सा अर्पण केली, त्याला या दोहोंत विरोध वाटला नाही.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यासाठी, म्हणजे आपल्या सर्वांसाठी. मोराच्या धक्क्यावर लाँच बंद असली आणि पलीकडे मुंबईत काम खोळंबले असले, म्हणजे आपण तिकीट खिडकीपाशी चडफडतो. ऊन तर स्वच्छ पडले आहे, मग बावटा कशाला, असे आपल्याला वाटते. सुट्टीत तारकर्लीला पैसे भरून गेलेला पाहुणा होडीवाल्याला गळ घालतो, की एवढ्या लांबून आलो आहोत, एक बुडी तरी मारू द्या. अशा वेळी बेलेनच्या गच्चीवरून दिसलेले ते पांढऱ्या पिसांचे ढग आठवावेत. आकाश निळे असतानाच वादळ निघालेले असते. वर सूर्य तळपत असतानाच दूरच्या वादळाच्या जड लाटा किनाऱ्याला पोहोचतात, पाणी गढूळ होते आणि तळाशी गेलेल्या माणसाला ओढ लागते. नाही म्हणणाऱ्या होडीवाल्याचा राग मानू नये. त्याचे पोट त्या फेरीवर असते आणि तरीही तो ती सोडून देतो, हे लक्षात घ्यावे.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली, की मोरा आणि करंजाच्या होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, तर वसई-उत्तनच्या आपल्या ख्रिस्ती कोळी बांधवांच्या होड्यांवर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. समुद्र सर्वांचा एकच आहे आणि त्याची भीतीही एकच. या वर्षी त्या होड्यांसाठी प्रार्थना करताना, रात्री जागून वादळाचा माग काढणाऱ्या वेधशाळेतील माणसांसाठी आणि भर पावसात काठीवर बावटा चढविणाऱ्या बंदरावरील हातांसाठीही एक प्रार्थना करू या. आणि तो बावटा वर गेलेला दिसला, की त्याचे ऐकू या.